प्रतान : रानवेली ओळखण्याचे लक्षण

वेलीचा आधार पकडणारा, दोऱ्यासारखा बारीक अवयव म्हणजे प्रतान. बोलीत त्याला ताणा किंवा तणावा म्हणतात; द्राक्षबागायतदारांच्या तोंडी मात्र ‘बाळी’ हा शब्द असतो. फुले-फळे नसलेली रानवेल ओळखायची असेल तेव्हा हे लक्षण फार उपयोगी पडते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. इथे बाभूळ, हिवर आणि निवडुंगाच्या कुंपणांवर वेली पावसाळ्यात भराभर चढतात आणि पुढे तितक्याच लवकर वाळतात. फुले थोडाच काळ दिसतात, ताणे बराच काळ हाताशी राहतात.

प्रतान हा मूळचा वेगळा अवयव नाही. खोड, पान, उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारे छोटे पान) किंवा फुलोऱ्याचा दांडा यांपैकी कशाचे तरी ते रूपांतर असते. म्हणूनच तो कुठून निघाला आहे हे आधी पाहावे, त्याचा आकार नंतर. काकडी-भोपळ्याच्या कुळात ताणा पानाच्या देठाच्या बुडाशी, एका बाजूला निघतो. द्राक्षकुळात तो पानाच्या बरोबर समोर, पेराच्या दुसऱ्या अंगाला असतो. नान्नज किंवा कासेगावच्या कोणत्याही द्राक्षबागेत हे नीट पाहता येते. जुन्या भिंतींवर आणि काटेरी कुंपणांवर वाढणारी कांडवेल (हाडसांधी) याच कुळातली. तिची पाने लवकर झडतात, तरी चौधारी हिरवी कांडी आणि पेरावरचा ताणा एवढ्यावर ती ओळखू येते. कृष्णकमळाच्या कुळात ताणा पानाच्या बेचक्यातून येतो. त्या कुळातली मूळ अमेरिकेची एक उग्र वासाची वेल आता आपल्याकडेही रानात पसरली आहे. कपाळफोडीचे ताणे फुलोऱ्याच्या दांड्यावर, फुलांच्या लगेच खाली जोडीने असतात. तिचे फुग्यासारखे तिधारी फळ आणि काळ्या बीवरचा पांढरा हृदयाकृती ठिपका दिसला की शंका उरत नाही. कळलावीत पानाचे टोकच लांबून वळते. वाटाणा आणि लाख यांच्यात संयुक्त पानाचा शेवट ताण्यात होतो.

कुळ ठरल्यावर फाटे मोजावेत. काकडीच्या कुळात ही खूण विशेष कामाची आहे. खरबूज, काकडी, शेंदाड, तोंडली, कारले, करटुले यांचा ताणा एकेरी असतो. दुधी भोपळा आणि शिवलिंगी यांचा दुभागलेला असतो. दोडका, कलिंगड, लाल भोपळा आणि रानपडवळ यांचे ताणे दोन-तीन किंवा त्याहून जास्त फाट्यांचे असतात. कोवळी शिवलिंगी आणि रानकारले यांची हाताच्या पंजासारखी पाने गोंधळात पाडतात. तिथे दुभागलेला ताणा शिवलिंगीकडे बोट दाखवतो आणि पुढे पांढऱ्या रेघांची लाल फळे त्याला दुजोरा देतात. रानपडवळ मात्र संध्याकाळनंतर उमलणाऱ्या फुलांवरून सहज ओळखू येते, कारण तिच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या कडाही दोऱ्यांसारख्या झालरीच्या असतात.

एकेरी ताण्याच्या जातींत मात्र हे लक्षण थकते. तोंडली आणि करटुले यांतला फरक ताण्यावरून कळत नाही. त्यासाठी फुलाचा रंग पाहावा लागतो. तोंडलीचे फूल पांढरे, करटुल्याचे पिवळे. दोन्हींत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, त्यामुळे फळ नसणे हीदेखील खात्रीची खूण ठरत नाही.

ताण्यावरून वेल खाण्याजोगी आहे की नाही हे ठरत नाही. करटुले आणि कडू वृंदावन एकाच कुळातले, पण दुसऱ्याच्या गराने तीव्र जुलाब होतात. कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विष असते, कंदात आणि बियांत ते विशेष जास्त. म्हणून रानभाजी खुडताना पानाचे टोक वळलेले दिसले तर ती वेल सोडून द्यावी.

ताण्याची हालचाल हा वेगळाच कुतूहलाचा विषय आहे. कोवळ्या ताण्याचे टोक हवेत गोल फिरत राहते आणि आधाराला लागले की त्याला वेढा घालते. मग उरलेला भाग मध्ये एक सरळ तुकडा ठेवून दोन विरुद्ध दिशांनी पिळतो आणि वेल आधाराकडे ओढली जाते. दोन्ही टोके अडकलेली असल्याने एकाच दिशेने पिळणे शक्य नसते, हे चार्ल्स डार्विन यांनी 1865 साली मांडले. आधार न सापडलेला ताणा मात्र एकाच दिशेने वळतो. त्यामुळे दिशा बदललेला वाळका ताणा कधीतरी कशाला तरी धरून होता, हे आधार नाहीसा झाल्यावरही सांगता येते.

दोऱ्यासारखे दिसते ते सगळे प्रतान नसते. सोलापुरात कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीला ताणे नसतातच. ती खोडाने विळखा घालते आणि तिच्या फांद्यांवरून सुटणारे लांब दोरे ही हवाई मुळे असतात. खोड खाली कापले तरी ही मुळे जमिनीपर्यंत पोचून वेल जगवतात. उतरणीची पानेही हृदयाकृती असतात, पण तिला हे दोरे नाहीत आणि पान तोडले की पांढरा चीक येतो. अमरवेलीत तर पिवळा दोरा म्हणजेच खोड. पाने नाहीत, जमिनीशी संबंध नाही. ती बोरीबाभळीसारख्या झाडांत शोषक मुळे घालून जगते.

ताणे दिसले नाहीत म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. काकडीच्या कुळातल्या रोपांना पहिल्या काही पानांपाशी ताणे येत नाहीत, आणि शेळ्यांनी शेंडे खाल्लेल्या वेलीवर ते सापडणे अवघड. माळरानावर, जिथे चढायला झुडूपच नाही, शेंदाडासारख्या वेली जमिनीवर पसरतात. तिथे ताणे गवतात गुंतलेले असतात आणि वेल उचलल्याशिवाय दिसत नाहीत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वेल उपटण्याची मुभा नाही. पेर, पान आणि ताणा एका चौकटीत येतील असे छायाचित्र घ्यावे.