गुलालाचा कण फोटोत गोळा का होतो?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने एक फोटो पाठवला. रात्री अडीच वाजता इंदूरच्या राजवाड्यासमोर काढलेला. गणपतीची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला दिव्यांनी सजवलेला देखावा, पुढे काठ्या फिरवणारी आखाड्यातली मुलं, आणि मूर्तीभोवती हवेत तरंगणारे दहा-बारा पांढुरके, आरपार दिसणारे गोळे. खाली ओळ : "बघ, बाप्पाचं तेज फोटोत उतरलंय." दुपारपर्यंत फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला आणि कुणीतरी त्या गोळ्यांना 'ऊर्जागोल' असं नावही देऊन टाकलं.

आत्याच्या श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ साली बंद पडली, तरी तिथले कामगार झांक्या रस्त्यावर आणत राहिले. त्या पाहायला रात्रभर जागणाऱ्यांतली ती एक आहे. पण ते गोळे म्हणजे धूळ आणि गुलाल. साधा कण एवढा थोरला गोळा कसा होतो, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

शाळेतला मेणबत्ती, भिंग आणि पडद्याचा प्रयोग आठवा. पडदा नेमक्या जागी असला की ज्योत रेखीव उमटते, सरकवला की पसरते. फोनमध्ये पडद्याच्या जागी सेन्सर असतो. फोकस सहा मीटरवरच्या मूर्तीवर आहे आणि गुलालाचा एक कण भिंगापासून सहा सेंटिमीटरवर तरंगतोय, असं धरा. कणाकडून आलेले किरण भिंगाच्या पूर्ण छिद्रातून, म्हणजे उजेड आत यायच्या गोल वाटेतून, शिरतात आणि शंकूसारखे निमुळते होत जातात. पण कण फार जवळ असल्यामुळे शंकूचं टोक सेन्सरच्या मागे पडतं. सेन्सर शंकूला टोकाच्या अलीकडेच कापतो. शंकू कापला की चकती मिळते, आणि तिचा आकार छिद्राचा असतो, कणाचा नव्हे. म्हणूनच कण वेडावाकडा असला तरी गोळा गोलच. ज्या कॅमेऱ्यात सहा पात्यांनी छिद्र लहान-मोठं होतं, तिथे हेच 'तेज' षट्कोनी उमटतं. दैवी तेजाने प्रत्येक कॅमेऱ्याच्या छिद्राचं माप कशाला घ्यावं?

आता चकतीचा आकार. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र साधारण ३ मिलिमीटरचं. सहा सेंटिमीटरवर त्याला सात-आठ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा दिसतो. कण कितीही बारीक असला तरी त्या पट्ट्यात तो छिद्राएवढी, म्हणजे ३ मिलिमीटरची जागा व्यापतो. फोटोच्या रुंदीचा हा जवळजवळ पंचविसावा भाग झाला. कण बारा सेंटिमीटरवर गेला की चकती निम्मी. फोटोतले लहान-मोठे गोळे म्हणजे लांबचे-जवळचे कण.

राहिला उजेड. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथा हिस्सा उरतो. मूर्ती कणापेक्षा शंभर पट लांब, म्हणजे कणावर मूर्तीच्या दहा हजार पट उजेड! तो चकतीभर पसरल्यामुळे विरळ होतो, म्हणून गोळा आरपार दिसतो. शिवाय फोनचा फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो, त्यामुळे भिंगापुढचा कण लगेच त्याच्या झोतात सापडतो. जुन्या कॅमेऱ्यांना बाजूला दांडीवर फ्लॅश लावत, तेव्हा झोत आणि भिंगाची नजर बरीच पुढे जाऊन एकत्र येत. तिथल्या कणांच्या चकत्या इतक्या लहान की कुणाच्या लक्षातही येत नसत.

'ऊर्जागोल' हा शब्द मला खटकतो. ऊर्जेला एकक आहे, ती मोजता येते. या गोळ्यांची खात्री करायला तर आत्याच्या घराची गॅलरीही पुरते. आम्ही तिथे अंधारात जुनी सतरंजी झटकली. फ्लॅशने फोटो काढला, गोळे आले. मग फ्लॅश बंद करून दुसऱ्या हाताने टॉर्च लांब, बाजूला धरला. गोळे गेले. आत्या फोटो मोठा करून बराच वेळ बघत होती.

आरतीचा धूर मात्र वेगळा. कापराच्या काजळीचे कण इतके बारीक की त्यांच्या सुट्या चकत्या दिसत नाहीत, फ्लॅश मारला तर सगळ्या फोटोवर पांढुरकी साय येते. असे कण, त्यातही थोडे मोठे असले तर जास्तच, उजेड मागे परतवण्यापेक्षा पुढच्या दिशेने अधिक विखुरतात. फ्लॅशचा उजेड आपल्यापासून दूर, पुढेच जातो, म्हणून धुराचं रूप हरवतं. तोच उजेड धुरामागून आपल्याकडे आला तर एकेक वळसा उजळून निघतो. इंदूरच्या खजराणा गणपती मंदिरात आरतीच्या वेळी फ्लॅश बंद ठेवा आणि समई, धूर, आपण असे एका रेषेत येऊ अशी जागा धरा. गर्दीत ती मिळवायला तासभर आधी जावं लागतं.

पुढच्या चतुर्दशीला आत्या आणि मी कृष्णपुरा छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, उभे राहणार आहोत. झांकीचे दिवे समोरून येतील आणि गुलाल मधे उडेल.