बीसीएस आणि सीएफपी : अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा विजेता ठरवण्याच्या दोन पद्धती

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलविषयी, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलविषयी बोलताना बीसीएस (बाऊल चॅम्पियनशिप सिरीज) आणि सीएफपी (कॉलेज फुटबॉल प्लेऑफ) ही दोन नावे एकाच व्यवस्थेची जुनी आणि नवी पाटी असल्यासारखी वापरली जातात. असा गोंधळ होण्यास कारणेही आहेत. दोन्हींत क्रमवारी असते, दोन्हींचा शेवट जानेवारीतील एका अंतिम सामन्याने होतो, आणि दोन्हींत रोझ बाऊल, शुगर बाऊल, ऑरेंज बाऊल हे तेच जुने सामने दिसतात. बाऊल म्हणजे नियमित हंगाम संपल्यावर, नाताळ ते नववर्षाच्या सुमारास, संघांना निमंत्रण देऊन भरवला जाणारा सामना; पॅसाडेना येथील रोझ बाऊलची पहिली लढत १९०२ मध्ये झाली. मात्र या साम्याखाली दोन्ही पद्धती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधतात, आणि प्लेऑफविषयीचा वाद समजून घ्यायचा तर आधी तो फरक पाहावा लागतो.

प्लेऑफ हा शब्द आपल्याला आयपीएलमुळे परिचित आहे. तेथे दहा संघ प्रत्येकी १४ सामने खेळतात आणि गुणतक्त्यातील पहिले चार पुढे जातात; कोण पुढे जाणार हे तक्ता सांगतो, कोणा व्यक्तीला ते ठरवावे लागत नाही. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात १३० हून अधिक संघ आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात १२ सामने येतात आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्या कॉन्फरन्समधील, म्हणजे ठरावीक विद्यापीठांच्या गटातील संघांशीच होतात. त्यामुळे दोन वेगवेगळ्या कॉन्फरन्समधील अपराजित संघांना एका तक्त्यात शेजारी बसवणे अवघड असते. येथे निवड कोणाला तरी करावीच लागते, आणि वादाचे मूळही तेथेच आहे. एनसीएए ही विद्यापीठीय खेळांची मध्यवर्ती संघटना सर्वोच्च विभागाच्या खालच्या विभागात १९७८ पासून प्लेऑफ घेते, परंतु सर्वोच्च विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद ती स्वतः देत नाही.

१९९८ पूर्वी हे विजेतेपद मतदानाने ठरत असे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची क्रमवारी १९३६ पासून पत्रकारांच्या मतांवर आणि दुसरी १९५० पासून प्रशिक्षकांच्या मतांवर निघत होती. रोझ बाऊलसारखे सामने ठरावीक कॉन्फरन्सच्या विजेत्यांशी बांधलेले असल्याने पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांची गाठ पडेलच असे नव्हते. १९९०, १९९१ आणि १९९७ या तिन्ही हंगामांत पत्रकारांचा विजेता एक आणि प्रशिक्षकांचा दुसरा अशी वेळ आली.

यावर उपाय म्हणून १९९८ च्या हंगामापासून बीसीएस सुरू झाली. तिचे काम मर्यादित होते: मतदान आणि संगणकीय क्रमवारी एका सूत्रात मिसळून फक्त दोन संघ निवडायचे आणि त्यांना एकमेकांसमोर उभे करायचे. २००४ पासून या सूत्रात मतदानाचा वाटा दोन तृतीयांश आणि संगणकांचा एक तृतीयांश होता. बीसीएसच्या नावाखाली इतरही मोठे बाऊल सामने होत असल्यामुळे ती बाद फेरीच असावी असे वाटत असे. प्रत्यक्षात त्या सामन्यांचा विजेतेपदाशी काहीही संबंध नसे. बीसीएसला प्लेऑफ म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. ती जोडी जुळवणारी यंत्रणा होती.

ती जोडी वारंवार चुकीची वाटली. २००१ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाने शेवटचा नियमित सामना कोलोरॅडोविरुद्ध ६२–३६ असा गमावला, स्वतःच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही त्याला स्थान मिळाले नाही, तरीही सूत्राने त्याला राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेले आणि तेथे मायामीने त्याला ३७–१४ असे हरवले. २००३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया दोन्ही मतदानांत पहिला असूनही सूत्रात तिसरा ठरला. अंतिम सामना एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) ओक्लाहोमाविरुद्ध जिंकला, पत्रकारांनी मात्र आपले विजेतेपद सदर्न कॅलिफोर्नियाला दिले, आणि जी दुभंगलेली विजेतेपदे टाळण्यासाठी ही व्यवस्था आणली होती तीच पुन्हा उभी राहिली. पुढच्याच वर्षी ऑबर्न अपराजित राहूनही बाहेर राहिला आणि हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी सूत्रातून काढून घेतली. नोव्हेंबर २००८ मध्ये नुकतेच निवडून आलेले बराक ओबामा यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आठ संघांच्या प्लेऑफची बाजू घेतली. २०११ च्या हंगामात एलएसयू आणि अलाबामा या एकाच कॉन्फरन्सच्या, एकाच उपगटातील संघांमध्ये अंतिम सामना झाल्यावर विरोध आणखी वाढला, आणि जून २०१२ मध्ये विद्यापीठांच्या अध्यक्षांनी चार संघांच्या प्लेऑफला मान्यता दिली.

तीच सीएफपी. ती २०१४ च्या हंगामापासून अमलात आली. दोनऐवजी चार संघ आणि उपांत्य फेरी हा बदल सर्वांना दिसला. माझ्या मते त्याहून मोठा बदल निवडणाऱ्यांचा होता. सूत्र रद्द झाले आणि त्याच्या जागी १३ जणांची समिती आली, जिच्यात विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक आणि सार्वजनिक जीवनातील व्यक्ती होत्या. माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस पहिल्याच समितीत होत्या. सूत्रातील संगणकाला फक्त झालेले निकाल कळतात. समिती झालेल्या निकालांबरोबरच पुढे काय होईल याचाही अंदाज बांधू शकते, कारण महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध आहे की नाही हे विचारात घेण्याची तिला मुभा आहे.

या मुभेचा अर्थ दोन हंगाम शेजारी ठेवले की कळतो. २०१४ मध्ये ओहायो स्टेटचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारे खेळाडू, जायबंदी झाले होते. तिसऱ्या पसंतीच्या कार्डेल जोन्सला घेऊन या संघाने कॉन्फरन्सचा अंतिम सामना ५९–० असा जिंकला, समितीने त्याला चौथे स्थान दिले, आणि त्याने अलाबामाला ४२–३५ व ओरेगनला ४२–२० असे हरवून विजेतेपद मिळवले. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले होते, परंतु क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस दुखापतीमुळे बाहेर गेल्याने हा संघ आता पूर्वीचा राहिलेला नाही, असे समितीने ठरवले आणि एक सामना गमावलेल्या अलाबामाला आत घेतले. फ्लोरिडा स्टेट नंतर ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाकडून ६३–३ असा हरला, हे समितीच्या बाजूने सांगितले जाते. पण संधी नाकारली गेल्यावर अनेक खेळाडूंनी त्या सामन्यातून माघार घेतली होती, त्यामुळे तो पुरावा मला पटत नाही. मैदानावर जे मिळवले ते अंदाजाने काढून घेणे मला अन्यायाचे वाटते, आणि २०१४ चा अनुभव गाठीशी असताना तर अधिकच.

उत्तरदायित्वाच्या बाबतीतही दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत, आणि येथे बीसीएसला तिचे श्रेय द्यायला हवे, तेही अर्धेच. तिच्या सहा संगणकीय क्रमवाऱ्यांपैकी केवळ खगोलभौतिकशास्त्रज्ञ वेस्ली कॉली यांचे सूत्र पूर्णपणे जाहीर होते. २०१० च्या शेवटच्या क्रमवारीत त्यांच्या गणनेतून खालच्या विभागातील एक निकाल सुटला होता; सूत्र जाहीर असल्यामुळे बाहेरच्या एका विश्लेषकाला ती चूक सापडली आणि दहाव्या व अकराव्या क्रमांकांची अदलाबदल करावी लागली. समितीची चूक अशी तपासता येत नाही. आपल्या विद्यापीठाची चर्चा सुरू असताना सदस्याने खोलीबाहेर जावे हा तिचा नियम चांगला आहे, परंतु कोणी कोणाला मत दिले हे जाहीर होत नाही.

२०२४ पासून प्लेऑफ १२ संघांचे झाले: क्रमवारीतील पाच सर्वोच्च कॉन्फरन्सविजेते आणि उरलेल्या जागांवर आणखी सात संघ. त्या वर्षी क्रमवारी आणि मानांकन (प्लेऑफच्या सामन्यांच्या मांडणीतील स्थान) या दोन शब्दांचाही घोळ झाला. पहिली चार मानांकने कॉन्फरन्सविजेत्यांसाठी राखीव असल्याने समितीच्या क्रमवारीत नववा असलेला बॉयसी स्टेट तिसरा मानांकित झाला, बारावा असलेला अॅरिझोना स्टेट चौथा, आणि दोघांनाही पहिल्या फेरीत सूट मिळाली. सूट मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. २०२५ पासून मानांकन थेट क्रमवारीप्रमाणे देण्याचे ठरले.

प्लेऑफच्या विरोधकांचा जुना आक्षेप असा, की त्यामुळे नियमित हंगामातील प्रत्येक सामन्याचे मोल कमी होते. २०२४ मध्ये ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३–१० असा हरला आणि तरीही शेवटी विजेता झाला, हे उदाहरण त्यासाठी दिले जाते. तथापि बीसीएसच्या काळातही, २००७ मध्ये, एलएसयू दोन पराभवांसह विजेता झाला होता. खेळाडूंवरील भाराचा आक्षेप अधिक खरा आहे: २०२४ मध्ये अंतिम सामना खेळलेल्या दोन्ही संघांचे त्या हंगामात प्रत्येकी १६ सामने झाले, आणि हे खेळाडू विद्यार्थी आहेत.

एवढे असूनही मी प्लेऑफच्या विस्ताराच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण २०१७ चा सेंट्रल फ्लोरिडा हा संघ आहे. त्याने नियमित हंगाम आणि कॉन्फरन्स अपराजित राहून जिंकली, तरी समितीने त्याला बारावे स्थान दिले. त्यानंतर पीच बाऊलमध्ये त्याने ऑबर्नला ३४–२७ असे हरवले, आणि याच ऑबर्नने त्याच हंगामात अलाबामा व जॉर्जिया या दोन्ही अंतिम संघांना एकेकदा हरवले होते. १२ संघांच्या प्लेऑफमध्ये बाराव्या क्रमांकाच्या सेंट्रल फ्लोरिडाला खेळायला मिळाले असते. तेव्हा त्याला पहिले स्थान दिले ते कॉली यांच्या त्याच जाहीर सूत्राने, आणि त्या आधारावर एनसीएएच्या नोंदींत २०१७ च्या हंगामापुढे अलाबामाबरोबर सेंट्रल फ्लोरिडाचेही नाव आहे.