स्वाधारचा अर्ज भाडेकरारावर अडतो

गावाकडून पहिल्या वर्षाला आलेल्या पोरांना शहरात रुळायला वेळ लागतो, पण खोलीभाडं आणि मेसचे पैसे पहिल्या महिन्यापासूनच द्यावे लागतात. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. छत्रपती संभाजीनगरात शिकत असाल तर वर्षाला 51,000 रुपये, इतर बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी 43,000.

पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, मागच्या परीक्षेत किमान 50 टक्के गुण हवेत (दिव्यांगांना 40), आणि कॉलेज आहे त्या शहराचे तुम्ही रहिवासी नसावं. शहरात आलात म्हणून आधारवरचा गावचा पत्ता बदलू नका, नाहीतर तुम्ही स्थानिक ठरू शकता.

जातीचा दाखला, गुणपत्रक, बोनाफाईड बहुतेकांकडे असतं. गाडी अडते ती भाडेकरारावर. संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात खोल्या तोंडी बोलीवर मिळतात; करार मागितला की घरमालक मागे सरतो. अठरा वर्षांच्या पोरानं त्याच्याशी भांडायचं कसं, याचं उत्तर कोणताही नियम देत नाही. म्हणून डिपॉझिट हातात देण्याआधीच सांगा, ‘काका, करार लागेल.’ चौघे मिळून राहत असाल तर चौघांचीही नावं त्यात घाला. एकाच्या नावावरचा करार बाकी तिघांना चालत नाही, आणि हे कळेपर्यंत अर्जाची मुदत संपलेली असते.

उत्पन्नाचा दाखला आई-वडील गावात असतानाच काढा. बीडकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मग सेतू केंद्रात जायला घरी कुणी उरत नाही.

बँकेत ‘आधार लिंक आहे’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार दिलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं. सिमकार्ड घेताना नकळत उघडलेलं एखादं खातं जोडलेलं असेल, तर पैसे तिकडे जातात आणि पोरगं महिनोन् महिने समाजकल्याणच्या चकरा मारतं.

पुढचा हप्ता 75 टक्के हजेरीवर अवलंबून आहे. पहिल्या सत्रात घरची आठवण येते, त्यात कापूस वेचणी, सोयाबीन काढणी, लग्नं. घरी जरूर जा, पण रविवारला जोडून आणि हजेरीचा हिशोब वहीत लिहून.