विशेषित चयापचय, वनस्पतींतील

वाढ, श्वसन व प्रजनन यांसाठी सर्वच वनस्पतींना शर्करा, ॲमिनो अम्ले, मेदाम्ले इ. द्रव्ये लागतात. त्यांखेरीज काही ठरावीक कुलांत, प्रजातींत, क्वचित एखाद्याच जातीत आढळणारी संयुगे ज्या प्रक्रियांनी तयार होतात, त्यांना विशेषित चयापचय म्हणतात. जुन्या ग्रंथांत हा विषय ‘दुय्यम चयापचय’ या नावाखाली येतो. टर्पिने, फिनॉलिक संयुगे व अल्कलॉइडे (कॅफिनासारखी नायट्रोजनयुक्त संयुगे) हे त्यातील मोठे गट होत. आतापर्यंत माहीत झालेली संयुगे दोन लाखांहून अधिक धरतात. बारकाईने तपासलेल्या जाती मोजक्याच असल्याने खरी संख्या याच्या कितीतरी पट असावी.

आल्ब्रेक्ट कोसेल यांनी १८९१ मध्ये पेशीतील घटकांची प्राथमिक व दुय्यम अशी विभागणी केली आणि दुय्यम ठरलेली द्रव्ये बराच काळ टाकाऊ समजली गेली. वास्तविक येना येथील एर्न्स्ट श्टाल यांनी १८८८ मध्येच गोगलगायींवर प्रयोग करून या द्रव्यांचा वनस्पतींच्या संरक्षणाशी असलेला संबंध दाखवला होता. तो निष्कर्ष मागे पडला. गॉटफ्रीड फ्रेंकेल (१९५९) आणि फुलपाखरे व त्यांच्या खाद्यवनस्पतींवर लिहिणारे पॉल अर्लिक व पीटर रेव्हन (१९६४) यांच्यानंतर हे मत रूढ झाले.

अख्ख्या मोहरीला झणका नसतो. तिच्यातील ग्लुकोसिनोलेटे आणि त्यांचे विघटन करणारे मायरोसिनेज हे एंझाइम वेगवेगळ्या जागी असतात. मोहरी पाण्यात फेसली की दोन्ही एकत्र येतात व आयसोथायोसायनेटे सुटून नाकात झिणझिण्या येतात. अळीने पान कुरतडले तरी हेच घडते. मात्र कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळीच्या आतड्यात एक प्रथिन असते. ते ही विक्रिया कमी विषारी नायट्राइलांकडे वळवते. शेवगा व पपई दिसायला मोहरीपासून दूरची, पण गण तोच (ब्रॅसिकेलीझ) आणि ग्लुकोसिनोलेटे त्यांच्यातही आहेत. पपईची बी चावून पाहिल्यास खात्री पटते.

नवी प्रक्रिया बहुधा जुन्या जनुकाच्या द्विरुक्तीतून निघते : एक प्रत मूळ काम चालू ठेवते, दुसरीला बदलण्यास मोकळीक मिळते. पायरोलिझिडीन या विषारी अल्कलॉइडांच्या निर्मितीचा आरंभ करणारे होमोस्पर्मिडीन सिंथेज हे एंझाइम सर्व पेशींना आवश्यक असलेल्या डीऑक्सिहायप्युसीन सिंथेजापासून आले, हे १९९९ मध्ये दिसून आले. पुढील तुलनेनुसार सपुष्प वनस्पतींत हा बदल निदान चार वेळा स्वतंत्रपणे झाला आहे. कॅफिनाचेही तसेच. कॉफीचा जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिची कॅफीन बनवणारी जनुके चहा व कोको यांच्यातील जनुकांपासून वेगळी उपजली असल्याचे स्पष्ट झाले. काही प्रक्रियांची जनुके गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात (उदा., अफूच्या झाडातील नॉस्कपीन हे अल्कलॉइड बनवणारी दहा जनुके). असे समूह का बनतात यावर एकमत नाही.

सर्वांत वादग्रस्त उदाहरण कॅम्पटोथेसीन या अल्कलॉइडाचे आहे. मन्रो वॉल व नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये ते कॅम्पटोथिका ॲक्युमिनॅटा या चिनी वृक्षातून वेगळे केल्याचे जाहीर केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना ते सह्याद्रीतील नरक्या या लहान झाडात (नोथॅपोडायटीस निम्मोनियाना, जुने नाव मॅपिया फीटिडा) अधिक प्रमाणात आढळले. पेशीतील डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज–१ या एंझाइमाला ते अडवते, हे १९८५ मध्ये कळले. टोपोटेकान व इरिनोटेकान ही त्यापासून बनवलेली कर्करोगावरील औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. नरक्याची बेसुमार तोड झाली ती या मागणीपायी.

नरक्या, चिनी वृक्ष आणि कॉफीच्या कुलातील ऑफिओऱ्हायझा यांचे गण निरनिराळे आहेत. मग एकच गुंतागुंतीचे संयुग तिघांत कसे? एक मत असे की, समान पूर्वजाकडे ही क्षमता होती व बहुतेक वंशजांनी ती गमावली. नरक्याच्या ऊतकांत राहणाऱ्या बुरशीपासून २००५ मध्ये कॅम्पटोथेसीन मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यावर ‘जनुके बुरशीकडून आली’ असे दुसरे मत पुढे आले. तथापि अशा बुरशांचे उत्पादन प्रयोगशाळेत पिढीगणिक घटत जाते, आणि चिनी वृक्षातील फ्युझेरियम बुरशीत स्ट्रिक्टोसिडीन हे मधले संयुग बनवणारे स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज हे एंझाइमच नसल्याचे २०११ मध्ये आढळले. तिसरे मत स्वतंत्र, अभिसारी क्रमविकासाचे. ऑफिओऱ्हायझात मार्ग स्ट्रिक्टोसिडिनातून जातो. चिनी वृक्षात मात्र ते सापडत नाही, तेथे स्ट्रिक्टोसिडिनिक अम्ल असते (२०१६). सेकोइरिडॉइडांचा (टर्पीन गटातील पूर्वसंयुगांचा) पाया सामायिक, पुढील टप्पे स्वतंत्र, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक वाटते.

हे विष त्या झाडांना स्वतःला का बाधत नाही, याचे उत्तर २००८ मध्ये मिळाले. चिनी वृक्ष व दोन ऑफिओऱ्हायझा जाती यांच्या टोपोआयसोमरेजात काही ॲमिनो अम्ले बदललेली आहेत. त्यांपैकी ७२२ व्या स्थानी ॲस्परॅजिनाऐवजी सेरीन हा बदल औषधाला न जुमानणाऱ्या मानवी कर्कपेशींतील बदलाशी तंतोतंत जुळतो.

अपुष्प वनस्पतींचे ज्ञान तुटक आहे. फ्लॅव्होनॉइडे (फिनॉलिक संयुगांचा एक गट) भूवनस्पतींबरोबर, म्हणजे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्या आगेमागे, जंबुपार किरणांपासून बचावासाठी आली असे सामान्यतः मानतात. शेवाळी (मॉस) व यकृतका (लिव्हरवर्ट) यांच्यात ती आहेत. शृंगका (हॉर्नवर्ट) गटात मात्र ती आढळलेली नाहीत.