गंगावन आणि त्याची निगा

गंगावन : स्वतःच्या केसांना लांबी किंवा भरघोसपणा यावा म्हणून त्यांत मिसळून बांधायचा तयार केसांचा झुबका. दुकानांत आज 'हेअर एक्स्टेन्शन' या नावाने मिळणारे क्लिपचे, टेपचे, डिंकाने चिकटवायचे आणि शिवून बसवायचे प्रकार याच वर्गातले. संपूर्ण डोके झाकणारा टोप वेगळा. आगवळ, गोंडे आणि पंजाबी परांदा ही सुताची वा रेशमाची असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. वेणीत वा अंबाड्यात गंगावन कसे घालतात हे सर्वपरिचित आहे. ते लवकर रखरखीत का होते, त्याचा गुंता का होतो आणि तो कसा टाळता येतो, याचा परामर्श या नोंदीत मुख्यतः घेतला आहे.

व्युत्पत्ती व मूळ द्रव्य : शब्दाची फोड गंगा + वन अशी सहज होते, पण तीतून केसांचा अर्थ निघत नाही. हिमालयाकडून उतरणाऱ्या मालाला गंगेचे नाव चिकटले असावे, असा एक तर्क करता येतो. गंगावन पूर्वी वनगाईच्या, म्हणजे चवरी गाईच्या (याकच्या) शेपटीच्या केसांचे असे, असे सामान्यतः मानले जाते. या मताला शेजारच्या भाषांतून चांगला आधार मिळतो. कृत्रिम वेणीच्या केसांना तमिळमध्ये 'सवुरि', तेलुगूत 'सवरम्' आणि कन्नडमध्ये 'चौरि' म्हणतात. हे शब्द संस्कृत 'चमरी', 'चामर' यांच्याशी जोडले जातात आणि देवापुढे ढाळायची चवरीही त्याच घराण्यातली. दक्षिणेकडे द्रव्याचे नाव वस्तूला मिळाले, मराठीत तेच घडून नाव मात्र निराळे पडले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. याकच्या शेपटीचा केस जाड, लांब आणि राठ असतो. वेणीत तो खपून जातो, पण मोकळ्या केसांत लपत नाही. जुन्या पद्धतीत गंगावन नेहमी गुंफूनच का वापरत, याचे एक कारण यात असावे. पुरुष स्त्रीभूमिका करीत त्या काळच्या मराठी रंगभूमीवर टोपाबरोबर गंगावनाचाही उपयोग होई. आता भरतनाट्यम् व लावणीच्या कलावंतांकडे आणि नवरीच्या शृंगारात ते दिसते.

जोडकेसांची प्रथा पुष्कळ प्राचीन आहे. ईजिप्तमधील अमार्ना येथे सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या कवटीवर जवळजवळ ७० जोडकेसांच्या बटा आढळल्या. तेथील केशरचना बसवण्यासाठी चरबी वापरली असावी, असे उत्खननातील अभ्यासकांचे म्हणणे आहे. शिवून बसवायच्या आधुनिक पद्धतीचे एकस्व (पेटंट) अमेरिकेतील कृष्णवर्णीय केशरचनाकार क्रिस्टिना जेंकिन्स यांना १९५२ मध्ये मिळाले. कानेकालोन हा मोडॅक्रिलिक (ॲक्रिलिकच्या जातीचा कृत्रिम) धागा जपानमध्ये १९५७ पासून निघू लागला आणि स्वस्त कृत्रिम गंगावनाचा बाजार वाढला.

गुंत्याचे कारण : केसाचे सर्वांत बाहेरचे आवरण (क्युटिकल) खवल्यांचे असते. कोकणातल्या छपरावर कौले एकावर एक चढवलेली असतात, तसे हे खवले एकमेकांवर पडलेले असून त्यांच्या मोकळ्या कडा केसाच्या टोकाकडे वळलेल्या असतात. डोक्यावर सगळ्या केसांची मुळे एकीकडे आणि टोके दुसरीकडे असल्याने सगळी कौले एकाच दिशेला उतरतात आणि केस एकमेकांवरून घसरतात. याचा पडताळा घरी घेता येतो. एकच लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटे त्याच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळावीत. केस हळूहळू एकाच बाजूने सरकू लागतो, आणि ती बाजू नेहमी मुळाची असते. आता झुबक्यात निम्मे केस उलटे बांधलेले आहेत असे समजा. उशीवरचे प्रत्येक घासणे, पदराचा प्रत्येक स्पर्श निम्म्या केसांना एका बाजूला ढकलतो आणि उरलेल्यांना दुसऱ्या बाजूला. सैल वळसे घट्ट होत जातात आणि शेवटी लोकरीचा नमदा जमावा तसा गोळा होतो. नमदा जमतोही याच तत्त्वाने, कारण लोकरीच्या केसालाही असेच खवले असतात. गंगावनाचा गुंता निष्काळजीपणामुळे होतो हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. पुष्कळदा तो विकत घेतानाच घरात येतो.

केस उलटसुलट होतात ते गोळा करण्याच्या पद्धतीमुळे. विंचरताना फणीत येणाऱ्या केसांना मराठीत गुंतवळ म्हणतात. 'केसांवर भांडी', 'केसांवर फुगे' अशी हाळी देत दारोदार फिरणारे ही गुंतवळ घेतात. तिच्यातले मूळ कोणते आणि टोक कोणते हे कुणालाच ठाऊक नसते. तिरुमलासारख्या देवस्थानांत मुंडनाला बसणाऱ्या स्त्रियांचे लांब केस आधी बांधून घेऊन मग वस्तरा फिरवला, तर दिशा टिकते. अशा एकदिश केसांना व्यापारात रेमी म्हणतात आणि त्यांचा भाव गुंतवळीच्या मालाहून पुष्कळ चढा असतो. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे १ सेंमी. वाढतो. ६० सेंमी. लांबीच्या गंगावनाचे टोक म्हणजे कुणा स्त्रीच्या डोक्यावरची ५ वर्षे, ५ पावसाळे आणि ५ उन्हाळे. विकत घेतलेल्या झुबक्याकडे वस्तू म्हणून पाहताना हे ध्यानात असावे. टोके सर्वांत आधी झिजतात याचेही कारण तेच.

गुंतवळीचा माल खपण्याजोगा करण्यासाठी कारखान्यात तो आम्लाच्या किंवा क्लोरिनयुक्त द्रावात बुडवून खवल्यांचे आवरण अंशतः किंवा पूर्ण उतरवतात. कौलेच काढली की ती अडकण्याचा प्रश्न राहत नाही. उघडा पडलेला केस खरखरीत असतो, म्हणून त्यावर सिलिकोनचा (बहुधा डायमेथिकोनचा) लेप देतात. दुकानात हात फिरवल्यावर लागणारी रेशमी चकाकी या लेपाची असते. काही धुण्यांत तो निघून जातो आणि आठवड्यापूर्वी सुरेख असलेले गंगावन झाडूसारखे दिसू लागते. ग्राहक मग शांपूला किंवा स्वतःच्या हाताला दोष देते. घेताना बोटे टोकाकडून मुळाकडे उलटी फिरवून पाहावीत. खवले शाबूत असलेला केस उलट्या दिशेने किंचित अडतो. दोन्हीकडून काचेसारखा घसरणारा केस लेपाचा समजावा.

कोरडेपणाचे कारण : डोक्याच्या त्वचेतील ग्रंथींतून स्रवणारे तेल केसांवरून खाली उतरते. मुळापासून तुटलेल्या केसाला हा पुरवठा कायमचा बंद झालेला असतो. शिवाय न झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर १८-मेथिल आयकोसेनॉइक आम्ल नावाच्या स्निग्धाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जडलेला असतो. केस एकमेकांना न चिकटता सुटे राहतात ते बऱ्याच अंशी त्यामुळे. काळा केस तपकिरी वा सोनेरी करण्यासाठी ब्लीच करताना हा थर निघून जातो, पृष्ठभागावरील ऋण विद्युत्भार वाढतो आणि केस पाणी पटकन शोषून तितक्याच पटकन गमावू लागतो. कंडिशनरमधील बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइडसारखी धनभारित द्रव्ये नेमकी अशाच झिजलेल्या जागी चिकटतात. गंगावनाला कंडिशनर दर धुण्याला लागतो आणि तो टोकांनाच अधिक लागतो, ते यासाठी.

खोबरेलाबद्दल मुंबईतील आरती रेले व आर. बी. मोहिले यांचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन महत्त्वाचे आहे. खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केल्यावर केसांतील प्रथिनांची झीज केवळ खोबरेलाने लक्षणीय रीतीने कमी झाल्याचे त्यांना दिसले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्याने ते केसाच्या आत शिरते, असा त्याचा उलगडा दिला जातो. आजीच्या सांगण्याला मिळालेला हा आधार आनंदाचा आहे, पण तो माणसाच्या केसांपुरता. मोडॅक्रिलिक वा नायलॉनच्या धाग्यात तेल शिरत नाही, नुसते वर बसून धूळ धरते.

धुणे व विंचरणे : गंगावन धुण्याआधी सोडवावे, नंतर नाही. पाण्याने केस फुगतो, अधिक ताणला जातो आणि ओढ कमी सोसतो, त्यामुळे कोरडा असताना राहिलेली गाठ ओली झाल्यावर घट्ट बसते. डाव्या हाताने बांधणीची दोरी किंवा शिवणपट्टी मुठीत धरावी, म्हणजे ओढ शिवणीवर येत नाही. उजव्या हातातल्या मोठ्या दात्यांच्या फणीने टोकापासून चार बोटे तेवढीच सोडवावीत, ती मोकळी झाली की आणखी चार बोटे वर यावे. फणी वरून खाली ओढली तर लहान लहान गाठी टोकाशी जाऊन एकच मोठी गाठ होते. हट्टी गाठीवर कंडिशनरचा थेंब लावून ती बोटांनी उकलावी. कात्री लावल्यास तुटलेली आखूड टोके पुढच्या गुंत्याचे बी होतात.

सुटे गंगावन दहा-पंधरा वेळा वापरल्यावर धुतले तरी चालते. घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात सौम्य शांपू आधी विरघळवावा, झुबका वरून खाली एकाच दिशेने बुडवून काढावा. कपड्यासारखा चोळू किंवा पिळू नये. रिठा वा शिकेकाई वापरायची तर काढा दुहेरी फडक्याने गाळून घ्यावा, कारण भुकटीचे कण शिवणीत अडकून राहतात. बोअरचे पाणी जड असलेल्या भागात साबणाने गंगावन कधीच धुऊ नये. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा न विरघळणारा साका होतो आणि तो केसावर बसतो. तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटचे पाणी द्यावे, त्याने साका सुटतो. मग जुन्या मऊ सुती कापडात दाबून पाणी टिपावे आणि सावलीत लोंबते ठेवावे. खुंटीला टांगून वाळवण्याची जुनी रीत सर्वांत चांगली. आडवे वाळत घातलेले गंगावन खालच्या बाजूने ओले राहते आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो.

उष्णता : माणसाच्या केसांच्या गंगावनाला इस्त्री १८०° से. च्या आतच फिरवावी आणि केस पूर्ण कोरडा असताना. ओल्या केसाला तापलेली पट्टी लागली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ बुडबुडे धरतात व तो तेथेच मोडतो. कृत्रिम धागा एवढ्या उष्णतेला वितळतो. वेष्टनावर उष्णतेबाबत स्पष्ट लिहिलेले नसेल तर त्याला इस्त्री दाखवूच नये.

कायम बसवलेले प्रकार : टेप व केराटिनच्या (केस ज्याचा बनतो त्या प्रथिनाच्या) डिंकाने चिकटवलेल्या बटा आठवडे-महिने डोक्यावरच राहतात, म्हणून त्यांची निगा वेगळी. मुळाशी तेल मुरवण्याची आपल्याकडची सवय येथे आड येते, कारण तेलाने टेपचा चिकटपणा सुटतो. अशा वेळी तेल व कंडिशनर कानाच्या पातळीच्या खालीच लावावे. झोपताना सैल वेणी घालून सॅटिनचा अभ्रा वापरावा. सुती अभ्रा घर्षण वाढवतो. केस ओले ठेवून झोपणे हे चिकट बटांच्या मुळाशी जटा होण्याचे नेहमीचे कारण आहे. रोज माणसाचे ५० ते १०० केस गळतात. बटेत अडकलेले असे केस खाली न पडता तेथेच राहतात, म्हणून जोडाजवळ रोज बोटे फिरवून दोन बटा एकमेकींपासून सुट्या कराव्यात. टेप साधारण ६ ते ८ आठवड्यांनी काढून वर सरकवून घ्यावा लागतो. पुढे ढकलले तर वाढलेल्या केसावर भार लोंबकळू लागतो.

सततच्या ओढीने कपाळाच्या कडेचे व कानशिलावरचे केस विरळ होतात. या विकाराचे वर्णन १९०७ मध्ये ट्रेबिच यांनी ग्रीनलंडमधील घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांवरून केले. सुरुवातीलाच ओढ थांबवली तर केस पुन्हा येतात, वर्षानुवर्षे राहिली तर मुळे कायमची जातात. मुळाशी बारीक पुरळ येणे, वेणी घातल्यावर डोके ठणकणे ही पहिली चिन्हे होत. ती दिसताच गंगावन उतरवून ठेवावे, समारंभ कितीही जवळ आला असला तरी.

साठवण : घाम व तेल लागलेले गंगावन तसेच घडी करून ठेवू नये. माणसाचा केस आणि याकचा केस दोन्ही लोकरीप्रमाणे केराटिनचे असल्याने त्यांना कसर लागू शकते, आणि मळलेल्या केसांना ती आधी लागते. धुऊन पूर्ण वाळलेल्या झुबक्याची सैल वेणी घालावी, दोन्ही टोके दोऱ्याने बांधावीत आणि मलमलीच्या पिशवीत वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोकणासारख्या दमट हवेत पाणी सुटते. पावसाळा संपल्यावर पिशवी एकदा उघडून गंगावन दिवसभर वाऱ्यावर टांगावे आणि पाला बदलावा.