ओली माती कधी सुकावी?

मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला आणि मग उघडला, तर त्या डोळ्यात काहीच बिघाड सापडत नाही. भिंग स्वच्छ, पडदा शाबूत, मेंदूकडे जाणारी नस जागच्या जागी. तरी त्या डोळ्यानं पिल्लाला जवळजवळ काही दिसत नाही. १९६० च्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या भागात इलेक्ट्रोड घालून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. तिथल्या चेतापेशींनी बंद डोळ्याशी नातं तोडून सगळी जागा उघड्या डोळ्याला देऊन टाकली होती. मोठ्या मांजराचा डोळा कितीही दिवस बंद ठेवला तरी असं होत नाही. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. तान्ह्या मुलाचा जन्मजात मोतीबिंदू काढायला डॉक्टर इतकी घाई का करतात, तेही यावरून कळतं.

मग पिल्लाच्या मेंदूत असं काय असतं, जे मोठ्या मांजराच्या मेंदूत उरत नाही? पेशी त्याच असतात. बदललेली असतात ती बरीचशी प्रथिनं. आहारातली नव्हे, पेशीच्या आत दारं, चाप आणि लगाम म्हणून राबणारी.

पुढं जाण्याआधी एका शब्दाबद्दल. मेंदूच्या ‘प्लास्टिसिटी’ला मराठीत सर्रास लवचीकता म्हणतात, ते मला खटकतं. लवचीक वस्तू सोडली की मूळ आकारात परत जाते, रबरासारखी. इथं नेमकं उलटं घडतं. ओल्या मातीत बोट दाबावं आणि खळगा तसाच राहावा, तसा अनुभव मेंदूत उमटून राहतो. म्हणून मी घडणशीलता म्हणणार.

हे उमटणं घडतं चेतासंधीत. दोन चेतापेशी जिथं एकमेकींना निरोप देतात ती ही जागा. दोघींमध्ये जेमतेम २० नॅनोमीटरची फट. ऐकणाऱ्या पेशीच्या फांदीवर टाचणीच्या डोक्यासारखे उंचवटे असतात, बहुतेक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. त्यांना काटे म्हणू. एकेका काट्याच्या टोकाशी शेकडो प्रकारची प्रथिनं दाटीवाटीनं बसलेली असतात.

त्यातलं एक दार जरा निरखून पाहण्यासारखं आहे. त्याचं नाव एनएमडीए ग्राही; ग्राही म्हणजे आलेला निरोप झेलणारं प्रथिन. बोलणाऱ्या पेशीनं ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सोडलं की हे दार उघडायला हवं, पण नुसत्या तेवढ्यानं भागत नाही. त्याच्या भोकात मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकलेला असतो. ऐकणारी पेशी त्याच क्षणी स्वतःही उत्तेजित असेल तरच बूच बाहेर फेकलं जातं आणि कॅल्शियम आत शिरतं. थोडक्यात, ‘तिकडून हाक आली आणि इकडेही जाग होती’ असा योग जुळला तरच दार उघडतं. दोन घटनांची सांगड घालणं हेच शिकण्याचं मूळ, असं मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये निव्वळ तर्कानं मांडलं होतं. ते एका रेणूच्या भोकात इतकं नेमकं बसवलेलं सापडावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आत आलेलं कॅल्शियम कॅमकायनेज-२ नावाच्या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, जागं करतं. मेंदूतल्या एकूण प्रथिनांत याचा एकट्याचा वाटा १ ते २ टक्के आहे. त्याची खुबी अशी, की एकदा जागं झालं की ते स्वतःलाच फॉस्फेटची खूण चिकटवतं आणि कॅल्शियम ओसरल्यावरही काही काळ काम करत राहतं. त्याच्या धडपडीतून काट्यावर ॲम्पा नावाचे ग्राही वाढतात आणि पुढच्या वेळी तीच हाक मोठ्यानं ऐकू येते. कोवळ्या मेंदूत कितीतरी चेतासंधींवर एनएमडीए असतात, ॲम्पा मात्र नसतात. एरवी त्या मुक्याच. पहिला जोरदार अनुभव आला की त्यांना वाचा फुटते.

आता वयाचा मुद्दा. एनएमडीए ग्राही चार तुकड्यांचा बनतो. जन्माच्या सुमारास त्यात ‘२बी’ जातीचे तुकडे जास्त असतात, पुढं ‘२ए’ जातीचे वाढत जातात. २बी असलेलं दार जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून दोन घटनांत थोडं अंतर पडलं तरी त्यांची सांगड बसू शकते. २ए आलं की दार चटकन मिटतं.

ही अदलाबदल निव्वळ वयानुसार होते असं वाटेल, पण तसं नाही. उंदरांना जन्मापासून काळोखात वाढवलं तर त्यांच्या दृष्टीच्या भागात ती रेंगाळते, आणि मग प्रकाश दाखवला की काही तासांतच २ए वाढलेलं दिसतं. मेंदू जणू अनुभवाची वाट बघत थांबलेला असतो.

मात्र थांबायला लगाम लागतो, आणि या सगळ्या प्रथिनांत मला सर्वांत बोलकं वाटतं ते सिनगॅप. काट्याच्या टोकाशी ते मुबलक असतं. त्याचं काम रॅस नावाच्या प्रथिनाला दाबून ठेवणं. रॅस मोकळं सुटलं तर काटा फुगतो, त्यावर ॲम्पा ग्राही चढतात, चेतासंधी बळकट होते. खरा जोरदार संदेश आला की कॅमकायनेज-२ सिनगॅपला फॉस्फेट जोडतं, सिनगॅप काट्यातून बाहेर पांगतं आणि रॅसला रान मोकळं मिळतं. लगाम सुटतो, पण कारण असेल तेव्हाच.

या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की सिनगॅप निम्म्यावर येतं. हा बिघाड बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो, मुलात नव्यानंच झालेला असतो. अशा मुलांत बौद्धिक अक्षमता आणि अपस्माराचे झटके दिसतात, पुष्कळांत स्वमग्नताही. बौद्धिक अक्षमतेशी त्याचा संबंध २००९ मध्ये उघड झाला. खरं तर लगाम सैल झाला तर मूल भराभर शिकायला हवं, असं कुणालाही वाटेल. हाच बिघाड असलेल्या उंदरांच्या पिल्लांत काय दिसलं, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधले, म्हणजे मेंदूच्या स्मरण सांभाळणाऱ्या भागातले, काटे प्रौढ उंदरासारखे जाडजूड झाले होते. जग नीट बघायच्या आतच माती सुकली होती, आणि उत्तेजनाचा तोल इतका ढळला होता की झटके सहज येत. मोठ्या उंदरात तोच बिघाड नव्यानं घडवला तर काट्यांना फारसा धक्का बसला नाही. उलट जन्मजात बिघाड मोठेपणी दुरुस्त केला तरी वागणं आणि आकलन सुधारलं नाही. नंतरच्या प्रयोगांत मात्र प्रौढ उंदरांना सिनगॅप परत दिल्यावर स्मरणशक्तीसारख्या काही बाबतींत सुधारणा आढळली. तेव्हा दार पूर्ण बंद झालेलं असतं असंही नाही.

फ्रॅजाइल एक्स या जनुकीय आजारात चित्र जवळपास उलटं आहे. तिथं एफएमआरपी हे प्रथिन तयारच होत नाही. तोही एक लगामच. चेतासंधीपाशी नवी प्रथिनं किती बनावीत ते तो आवरतो. तो नसला की काटे लांबुळके, बारीक, कोवळेच राहतात. एकीकडे काटे अकाली प्रौढ, दुसरीकडे प्रौढ व्हायला नाखूश, आणि दोन्हीकडे बौद्धिक अक्षमता. चेतासंधी जितकी बळकट तितका मेंदू हुशार, हे समीकरण मला म्हणूनच पटत नाही.

माती सुकल्यावर तिला पुन्हा ओलं करता येतं का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामिलो गॉल्जी यांनी काही चेतापेशींभोवती एक जाळं पाहिलं होतं. साखरेच्या लांब साखळ्या जोडलेल्या प्रथिनांचं ते बनतं, वयाबरोबर दाट होतं आणि बनलेल्या जोडण्या जागच्या जागी धरून ठेवतं. २००२ मध्ये प्रौढ उंदरांच्या दृष्टीच्या भागातलं हे जाळं एका विकरानं विरघळवलं, आणि एक डोळा बंद करताच त्यांच्या मेंदूत पिल्लासारखी उलथापालथ सुरू झाली.

पण ते जाळं उगाच विणलेलं नसतं. उंदराच्या अगदी लहान पिल्लाला एखाद्या आवाजाची भीती बसवली आणि नंतर तोच आवाज पुन्हा पुन्हा निरुपद्रवी ठरला, तर भीती कायमची पुसली जाते. मोठ्या उंदरात ती फक्त दबते आणि पुढं केव्हातरी उफाळून येते. २००९ मधल्या एका प्रयोगात प्रौढ उंदरांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भीती सांभाळणाऱ्या भागातलं जाळं आधी विरघळवलं आणि मग त्यांना भीती शिकवली. ते शिकले मोठ्या उंदरांसारखेच, पण विसरताना मात्र पिल्लांसारखे विसरून गेले.