सिटकॉमचे पुनरागमन

बंद होऊन बरीच वर्षे लोटलेली विनोदी मालिका त्याच पात्रांसह, शक्यतो त्याच कलाकारांना घेऊन पुन्हा सुरू करण्याची दूरचित्रवाणी व्यवसायातली प्रथा. अमेरिकेत २०१६ नंतर तिला विशेष जोर आला. नाव तेच पण कुटुंब नवे, असा प्रकार यात मोडत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या ‘वन डे ॲट अ टाइम’चा २०१७ मधला अवतार क्यूबन वंशाच्या वेगळ्याच कुटुंबाची गोष्ट सांगतो, म्हणून ती पुनर्निर्मिती. ‘फ्रेंड्स’चे सहा कलाकार २०२१ मध्ये पुन्हा उभारलेल्या सेटवर जमले, तो स्नेहमेळावा होता, कथा तिथे पुढे सरकली नाही. पुनरागमनात ती सरकावीच लागते. मधल्या काळात या माणसांचे काय झाले, याला लेखकांनी दिलेल्या उत्तरावरच पुनरागमनाचा कस लागतो.

या प्रश्नाला सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत देखणे उत्तर ब्रिटनमधले आहे. न्यूकॅसलच्या बॉब आणि टेरी या दोन कामगार मित्रांवरची ‘द लाइकली लॅड्स’ ही बीबीसीची कृष्णधवल मालिका १९६६ मध्ये संपली. डिक क्लेमंट आणि इअन ला फ्रेने या लेखकद्वयाने १९७३ मध्ये तीच जोडी रंगीत पडद्यावर आणली. टेरी सैन्यातली पाच वर्षे काढून परततो, तर बॉब लग्नाच्या तयारीत, नव्या वसाहतीत घर घेऊन मध्यमवर्गीय व्हायला निघालेला. जुने गाव पाडले जात आहे आणि मैत्रीतही अंतर पडले आहे. गेलेला काळ हाच इथे विनोदाचा विषय झाला.

अमेरिकेतली आताची लाट आली ती इंटरनेटवरच्या सेवांमुळे. फॉक्स वाहिनीने २००६ मध्ये बंद केलेली ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये परत आणली आणि पंधराही भाग एकाच दिवशी खुले केले. कलाकार तोवर इतके व्यग्र झाले होते की सगळ्यांच्या तारखा एकत्र जुळेनात; म्हणून बहुतेक भाग एकेका पात्राभोवती बेतले गेले. कुटुंबाची मालिका, पण कुटुंब एका खोलीत क्वचितच दिसायचे. पुढे हे पर्व कालक्रमाने नव्याने संकलित करून पुन्हा दाखवले गेले. २०१६ मध्ये आलेल्या ‘फुलर हाउस’ने उलट वाट धरली: सॅन फ्रान्सिस्कोचे तेच घर, तेच तकियाकलाम, आणि जुना चेहरा दारातून आत आला की प्रेक्षकांच्या टाळ्या. ते पाच पर्वे चालले.

यामागचे व्यावसायिक गणित सोपे आहे. नवी मालिका लोकांच्या ओळखीची व्हायला वेळ आणि जाहिरातींचा पैसा लागतो, आणि पुष्कळ मालिका तेवढ्यात बंदही होतात. जुन्या नावाला ओळख लागत नाही. पुनःप्रक्षेपणामुळे मूळ मालिकेला तरुण प्रेक्षकही मिळालेले असतात, आणि नवे भाग आले की जुन्यांचीही मागणी वाढते.

अडचण येते ती मूळ शेवटाची. ‘विल अँड ग्रेस’च्या २००६ मधल्या अखेरच्या भागात दोघा मित्रांत वर्षानुवर्षे दुरावा येतो आणि त्यांची मुले मोठी होऊन एकमेकांशी लग्न करतात, असे दाखवले होते. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निमित्ताने कलाकारांनी जपून ठेवलेल्या सेटवर एक छोटी चित्रफीत केली. ती इतकी गाजली की एनबीसी वाहिनीने २०१७ मध्ये मालिकाच परत आणली. पहिल्याच भागात ती मुले, तो दुरावा, सगळे कॅरन या पात्राचे नशेतले स्वप्न ठरवून पुसून टाकले. ही पळवाटच होती. जुन्या शेवटावर रडलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला काहीच उरले नाही.

‘रोझॅन’चा शेवट याहून अवघड होता. इलिनॉयमधल्या लॅनफर्ड या काल्पनिक गावातल्या कॉनर कुटुंबाची ही मालिका एबीसीवर १९८८ ते १९९७ चालली आणि शेवटी नायिकेचा नवरा डॅन आधीच हृदयविकाराने गेला होता, असे उघड झाले. २७ मार्च २०१८ रोजी मालिका परतली तेव्हा डॅन तोंडावर श्वसनयंत्राचा मुखवटा लावून झोपलेला दिसतो, आणि रोझॅन त्याला उठवताना तो मेला की काय असे वाटल्याचे म्हणते. एवढ्या एका विनोदात ते प्रकरण मिटवले. पण त्यापुढे लेखकांनी वर्षांचा हिशेब चुकवला नाही. सोफा आणि त्यावरचे चौकटींचे विणलेले पांघरूण तेच. स्वयंपाकघरात मात्र म्हातारे जोडपे औषधांच्या गोळ्या वाटून घेते, कारण विम्यामुळे आता दुप्पट पैशांत निम्म्याच गोळ्या मिळतात. बहीण जॅकीशी निवडणुकीवरून अबोला. मूळ मालिकेत मुलगी बेकीची भूमिका आलटून पालटून करणाऱ्या दोन्ही अभिनेत्री आल्या, आणि दुसरीला वेगळे पात्र दिले गेले.

पहिल्या रात्री १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली. दोनच महिन्यांनी, २९ मे रोजी, नायिकेचे काम करणाऱ्या रोझॅन बार यांनी ओबामांच्या माजी सल्लागार व्हॅलरी जॅरेट यांच्याविषयी केलेल्या वर्णद्वेषी ट्वीटमुळे एबीसीने मालिका रद्द केली. ऑक्टोबरमध्ये तेच घर ‘द कॉनर्स’ नावाने, नायिकेशिवाय सुरू झाले. गुडघ्याच्या दुखण्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक ओपिऑइडच्या अतिमात्रेने रोझॅन वारली, अशी कथा केली. ती मालिका २०२५ पर्यंत, सात पर्वे टिकली. शोक, कर्ज, व्यसन यांतून हसू काढण्याची मूळ मालिकेची ताकद तिने राखली, म्हणूनच हे या प्रथेतले सर्वांत मोलाचे उदाहरण वाटते.

बाकीच्यांना एवढे यश आले नाही. ‘मर्फी ब्राउन’ (२०१८) तेरा भागांत संपली. ‘फ्रेझर’ २०२३ मध्ये परतली तेव्हा वडिलांची भूमिका करणारे जॉन महोनी हयात नव्हते आणि भाऊ नाइल्स साकारणारे डेव्हिड हाइड पियर्स यांनी यायला नकार दिला होता. फ्रेझर बॉस्टनला, अग्निशामक दलात काम करणाऱ्या मुलाकडे येतो. वडील-मुलाचे जुने नाते उलटे करून मांडण्याची कल्पना चांगली होती, पण दोन भावांची जुगलबंदी नसल्याने मालिका दोन पर्वांतच आटोपली.

भारतात मुंबईच्या गुजराती कुटुंबांवरच्या दोन हिंदी मालिका ठळक आहेत. ‘खिचडी’ २००२ मध्ये स्टार प्लसवर आली आणि चित्रपटाचे वळण घेऊन २०१८ मध्ये त्याच वाहिनीवर परतली. कफ परेडच्या उच्चभ्रू घरातली ‘साराभाई वर्सेस साराभाई’ (२००४–२००६) मूळ प्रक्षेपणात फारशी चालली नव्हती. तिचा चाहतावर्ग नंतर इंटरनेटवर जमला. त्यामुळे २०१७ चे दुसरे पर्व वाहिनीऐवजी हॉटस्टारवर आले. सतीश शाह, रत्ना पाठक शाह, रूपाली गांगुली, राजेश कुमार आणि मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे सुमीत राघवन हे पाचही जण परतले, पण सासू मायाची सून मोनिशावरची टोमणेबाजी, मोनिशाचा मुलगा मोठा होऊनही, जुन्याच जागी राहिली. थोड्याच भागांत ते पर्व संपले.